कातळावरच्या दुर्मीळ रोपांची हंगामी पाहणी (ठाणे–नवी मुंबई): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिन्यात नवी माणसं आमच्याबरोबर डोंगरात यायची तयारी दाखवतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. उत्तरं देऊन घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. गटात या कामाला आम्ही गमतीने "वाळवंटातली पाहणी" म्हणतो. आम्ही म्हणजे ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर इथले दहा-बारा जण. वनस्पतिशास्त्र रीतसर शिकलेले दोघंच. बाकी निवृत्त बँकवाले काका, शाळेतल्या दोन बाई, एक रिक्षावाले दादा, आयटीतली तीन मुलं आणि वह्या सांभाळणारा मी.

तुम्ही याला "वाळवंटातली पाहणी" म्हणता. ठाण्यात वाळवंट कुठलं?

एप्रिलच्या दुपारी खारघरच्या टेकडीवर किंवा येऊरच्या एखाद्या उघड्या कातळावर हात टेकवून बघा. टेकवलात तर लगेच उचलाल. आपल्याकडे पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सपाट जंगलात तो मातीत मुरतो. कातळावर माती असते चार बोटं, कुठे तर नुसती भेगेतली धूळ. खाली काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाणी येतं आणि तासाभरात उतारावरून निघून जातं. पावसाळा संपला की पुढच्या जूनपर्यंत तिथल्या रोपाला थेंब मिळत नाही. म्हणजे आठ महिने ते वाळवंटातच राहतं आणि चार महिने धबधब्यात. दोन्ही सोसणारी रोपं थोडीच असतात. जी असतात त्यांच्या तऱ्हा मात्र खऱ्या वाळवंटातल्या रोपांसारख्या आहेत.

काही जमिनीखाली कंद ठेवून वरचं सगळं आवरून घेतात. काही आठ-दहा आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. निवडुंगाच्या भाऊबंदांसारखी काही मांसल खोडात पाणी साठवतात. ट्रायपोगॉन नावाचं एक बारीक गवत तर उन्हाळ्यात पार वाळून काडी होतं आणि पाऊस पडला की तीच जुनी पानं पुन्हा हिरवी होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं होतं.

फेऱ्या कधी असतात? पावसाळ्यातच का?

पावसाळ्यातच असं नाही. वर्षात साधारण पाच फेऱ्या होतात.

पहिली मेअखेर ते जूनचा पहिला पाऊस. तेव्हा कंदवाली मंडळी डोकं वर काढतात. शेवळं ही रानभाजी येते ती याच दिवसांत. शेवळाला आधी फुलोरा येतो आणि मग पान, त्यामुळे जुलैत बघायला गेलात तर हिरवं पान दिसेल आणि ते शेवळाचं आहे हे कळायचंही नाही.

जुलैत आम्ही शक्यतो जात नाही. धुकं, शेवाळलेला दगड, ओढ्यांना येणारं पाणी. खारघरचा पांडवकडा आणि आसपासच्या धबधब्यांवर त्या दिवसांत मनाईचे आदेश निघतात आणि ते योग्यच आहेत. रोपासाठी जीव टांगणीला लावायचा नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन फेऱ्या, आणि खरं काम याच काळातलं. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, कंदीलपुष्पं, जमिनीवरची आमरं (म्हणजे ऑर्किड, हाबेनारिया वगैरे) सगळी याच वेळी फुलावर. अडचण एकच: गौरी-गणपती. निम्मा गट गावाला जातो. ज्यांची गावं कोकणात आहेत त्यांनी तिकडून फोटो पाठवावेत, एवढं समाधान.

चौथी नोव्हेंबरअखेर, बियांसाठी. पाचवी मार्च-एप्रिलात, जेव्हा कातळावर काहीच नसतं. या पाचव्या फेरीला सगळ्यात कमी माणसं येतात. तीच मला सगळ्यात आवडते. वणवा कुठवर आला, कुठल्या भेगेत माती उरली, नवी वाट कुठून पडली, खडी फोडायला डोंगर कुठे कापला, हे फक्त तेव्हाच नीट दिसतं.

दुर्मीळ कोणाला म्हणायचं? मला तर डोंगरातलं प्रत्येक फूल नवीनच वाटतं.

तुम्ही पाहिलेलं नाही म्हणजे दुर्मीळ असं होत नाही, हे पहिल्या फेरीत सगळ्यांना सांगावं लागतं. मलाही सांगावं लागलं होतं. मी पहिल्या वर्षी कळलावीचा फोटो धावत जाऊन दाखवला, तेव्हा काका म्हणाले, "अरे, कोकणात हिला गौरीचे हात म्हणतात, दर वर्षी पूजेला असते."

दुर्मीळपणाचे प्रकार आहेत. एखादी जात फार थोड्या प्रदेशात असते, पण तिथे भरपूर. एखादी पसरलेली दूरवर, पण कुठेही गेलात तरी चार-दोनच रोपं. एखादीला फक्त ओल्या कड्याची उत्तरेकडची कपारच लागते, दुसरीकडे ती जगतच नाही. आणि ज्यांच्या बाबतीत हे तिन्ही एकत्र येतं, त्यांची काळजी जास्त. आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था धोक्यातल्या जातींची लाल यादी करते, तिचे निकष आकड्यांत आहेत. उदाहरणार्थ, जातीचा एकूण पसारा १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि त्याबरोबर ठिकाणं तुटक होणं, घट चालू असणं अशा अटीही पुऱ्या होत असतील, तर ती "अतिसंकटग्रस्त" ठरू शकते. ५,००० चौरस किलोमीटरच्या आत "संकटग्रस्त". हे ठरवणं आमचं काम नाही. आमचं काम एवढंच की ठरवणाऱ्याच्या हातात ताजी, खरी नोंद असावी.

मग तुम्ही नेमकं काय शोधता?

आमची यादी लहान आहे आणि दर वर्षी तीच असते. त्यातली काही सांगतो.

सगळ्यांची लाडकी कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया. पाड्यांवर खरपुडी किंवा खरचुडी म्हणतात. नाजूक वेल किंवा हातभर उभं रोप, खाली कंद, वर कंदिलासारखं फूल. बारीक माशी वासाने आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला परत वर येता येत नाही. यथावकाश केस कोमेजतात आणि माशी परागकणांची पुडी अंगाला चिकटवून बाहेर पडते. सह्याद्रीत याच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई तर संपली असं समजलं जात होतं, ती पुढे पुन्हा सापडली.

दुसरी सफेद मुसळी. हिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. नावातलं बोरिविली म्हणजे आपलंच बोरिवली. फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात तिथल्या रोपांवरून तिचं वर्णन केलं. औषधी म्हणून रानातून इतकी उपसली गेली की आता तिची शेती होते आणि रानातली शोधावी लागते. येऊर आणि बोरिवली हे एकाच राष्ट्रीय उद्यानाचे दोन दरवाजे आहेत, मध्ये १०० चौरस किलोमीटरहून थोडं जास्त जंगल. ठाणेकरांना हे सांगितलं की त्यांना उगाचच अभिमान वाटतो. मलाही वाटतो.

शिंदळ माकुडीबद्दल बरेच विचारतात. ती आमच्या हद्दीत नाही. जुन्नरच्या डोंगरातून वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. आता ती बुसेरोशिया वंशात धरतात. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा कड्यांवर आहे. मांसल खोड, पावसात पानं, उन्हाळ्यात पानगळ, आणि किरमिजी फुलाला माश्या बोलावणारा वास. माळशेज चढून पलीकडे गेलं की तिचा मुलूख सुरू होतो. आम्ही तिकडे पाहुणे म्हणून जातो, वही घेऊन नाही.

कारवी पुन्हा कधी फुलणार?

कारवी दुर्मीळ नाही, तरी हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. येऊर-बोरिवलीत २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली, म्हणजे आठ वर्षांनी. त्या हिशेबाने पुढची २०३२ ला. दुसऱ्या डोंगरांत सात वर्षांचा हिशेब सांगतात आणि तिथलं साल वेगळं असू शकतं. अधल्या-मधल्या वर्षी एखादं झुडूप चुकून फुलतंही. फुलून बी टाकलं की झाड मरतं. कूड बांधायला कारवीच्याच काठ्या लागतात, त्यामुळे पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना मागच्या तीन-चार फुलोऱ्यांची वर्षं आपल्या घरातल्या लग्नांवरून आठवतात. आमच्या वहीपेक्षा ती नोंद जुनी आहे.

एका दिवसात काय काय करता?

आसनगावची पहाटेची लोकल, किंवा येऊरला जायचं असेल तर ठाणे स्टेशनवरून टीएमटीची बस. साडेसातपर्यंत कातळावर. मागच्या वर्षीच्या जागेवर जायचं, जीपीएसने आणि जुन्या फोटोतल्या दगडाच्या आकारावरून. एक मीटर बाय एक मीटरची चौकट (आम्ही पीव्हीसीच्या पाइपची केलीय, चार तुकडे, सॅकेत मावते) ठेवायची आणि आतलं सगळं मोजायचं: कुठली जात, किती रोपं, किती फुलावर, किती कळीत, किती नुसत्या पानांवर. मातीची खोली पट्टीने. उतार कुठल्या दिशेला. गुरांचे खूर, जळलेल्याच्या खुणा, प्लॅस्टिक. मग पुढची चौकट. आठ-दहा चौकटी झाल्या की माणूस दमतो.

लिहायचं पेन्सिलीने. शाई पावसात वाहते, आणि ती वाहिल्यावर कळतं की आपल्याला सहा होते की नऊ, हे आता देवालाच ठाऊक.

रोप सापडलंच नाही तर दिवस फुकट ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी शेजारी बसवून जुन्या वह्या दाखवतो.

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही फक्त सापडलेलं लिहिलं. एका कड्याखालच्या कपारीत पहिल्या वर्षी कंदीलपुष्पाची सात रोपं होती. दुसऱ्या वर्षीच्या पानावर त्या कपारीचं नावच नाही. तिसऱ्या वर्षी तिथे दोन. आता सांगा, दुसऱ्या वर्षी काय झालं होतं? तिथे गेलोच नव्हतो? गेलो आणि रोप नव्हतं? गेलो, पण पाऊस आला म्हणून पाच मिनिटांत परतलो? आमच्यातल्या चौघांना चार वेगवेगळ्या आठवणी आहेत. चूक माझीच, वही माझ्याकडे होती. सातावरून दोनावर आलं हे खरं असलं, तरी मधलं वर्ष कोरं असल्यामुळे त्या आकड्याचा कुणालाही उपयोग नाही.

कंदवाल्या रोपांचं हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. कंद जिवंत असूनही एखाद्या वर्षी वर काहीच येत नाही. पाऊस उशिरा आला, मागच्या हंगामात पानं गुरांनी खाल्ली, अशी काहीही कारणं. त्यामुळे एका वर्षीच्या "नाही"चा अर्थ गेलं असा होत नाही. पण लागोपाठ चार वर्षं, त्याच आठवड्यात, तितकीच माणसं, तितकाच वेळ शोधूनही "नाही" असेल, तर त्याचा अर्थ गंभीर होतो. तो अर्थ काढायचा असेल तर प्रत्येक "नाही" लिहिलेलं लागतं आणि त्याच्यापुढे: किती जणांनी शोधलं, किती वेळ, कुठून कुठपर्यंत, हवा कशी होती. आता आमच्या वहीत शून्याचा वेगळा रकाना आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तोच भरायला देतो. काहींचा हिरमोड होतो. जे तरीही पुढच्या फेरीला येतात, ते टिकतात.

फोनवरचं ॲप फोटो काढला की नाव सांगतं. मग एवढी खटपट कशाला?

सोनकी, तेरडा, रानहळद यांच्यासाठी चालतं. फुलाशिवायचं कंदीलपुष्प, गवतं, गेंदाच्या जाती यांत ते ठाम आवाजात चुकीचं सांगतं. गेंदाच्या जाती ओळखायला बीसुद्धा भिंगाखाली बघावं लागतं. ॲपने सांगितलेलं नाव वहीत लिहायचं असेल तर पुढे "ॲप" असं लिहा. नावच कळलं नाही तर "ओळख नाही" लिहा. त्यात कमीपणा नाही.

फोटो मात्र नीट काढा: संपूर्ण रोप, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून, बाजूने, आणि शेजारी पट्टी किंवा नाणं. नुसतं फूल, मागे धूसर हिरवळ, असा सुंदर फोटो ओळखीच्या कामाचा नसतो.

रोप उपटून नमुना घेता का?

यादीतल्या रोपांचा नाही. बाकीच्यांचाही, परवानगी असेल, सोबत शिकलेला माणूस असेल आणि तिथे निदान वीस रोपं असतील तरच एक, तेही कंद जागेवर ठेवून. नमुना म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेलं रोप. पावसाळी हवेत कागद रोज बदलला नाही तर बुरशी येते. ऑगस्टमध्ये डोंबिवलीच्या वन-बीएचकेत रोज कागद वाळत घालणं काय असतं, हे आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंना विचारा.

नमुन्यांचं महत्त्व मोठं आहे, हे कबूल. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या रोपांचा संग्रह) आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या जुन्या पानांवरची तारीख आणि गाव वाचूनच आपल्याला कळतं की अमुक रोप इथे शंभर वर्षांपूर्वी होतं. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची छापली, ती अशाच पानांच्या आधारावर. पण तो काळ वेगळा होता, डोंगर मोठे होते.

परवानगी लागते का? आम्ही तर रविवारी ट्रेकला असेच जातो.

वाट तुडवायला जाणं वेगळं आणि चौकटी टाकून नोंदी घेणं वेगळं. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांत (येऊर, तानसा, कर्नाळा) १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनस्पतीही येतात, नुसते वाघ-बिबटे नाहीत. पान तोडणंही गुन्हा ठरू शकतो. अभ्यासाची परवानगी वन विभागाकडून घ्यावी लागते, आणि कागद नागपूरला जाऊन येईपर्यंत कधी कधी फुलोरा संपतो. एका वर्षी आमचा कागद दिवाळीत हातात पडला. त्या वर्षी बिया मोजल्या. म्हणून आता जानेवारीतच अर्ज करतो. खासगी कातळावर मालकाला विचारायचं, पाड्याच्या हद्दीत पाड्याला.

ठिकाण का सांगत नाही? फोटो टाकता, मग जागाही सांगा की.

नाही सांगणार. राग मानू नका.

एक रोप कळलं की पुढच्या रविवारी चाळीस माणसं येतात. उपटायला कुणीच येत नाही, पण आडवं पडून फोटो काढणाऱ्यांच्या कोपराखाली शेजारची पाच जातात आणि चार बोटं माती घसरते. ती परत साचायला किती वर्षं लागतात? शिवाय कंद विकणारेही फोटोच बघत असतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची जागा आपोआप धूसर होते, साधारण २२ किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनात कुठेतरी, एवढंच दिसतं. पण तोच फोटो इन्स्टाग्रामवर किल्ल्याच्या नावासकट टाकला तर त्या धूसरपणाला काय अर्थ? आमच्याबरोबर येणाऱ्याने फोनचं लोकेशन बंद ठेवायचं. पहिल्या वर्षी आम्ही तुम्हालाही सगळ्या जागा दाखवणार नाही.

पाड्यांवरची माणसं कंद खातात, रानभाज्या विकतात. त्यामुळेच रोपं संपत नाहीत का?

हा प्रश्न बहुतेक वेळा चारचाकीतून येऊरला आलेले विचारतात.

जूनमध्ये ठाणे स्टेशनबाहेर, जांभळी नाक्यावर मावश्या फोडशी, शेवळं, काकडं घेऊन बसतात. शेवळाची खाज मारायला काकडं हवंच, हे त्याच सांगतात. खरपुडीचा कंद पोरं खणून खातात, हेही खरं. पण मी ज्यांच्याबरोबर फिरलो, त्या वारली आणि कातकरी बायका शेवळाच्या एका जागेवरची सगळी काढत नाहीत, कारण पुढच्या वर्षी त्यांनाच तिथे यायचं असतं. मागणी मात्र वाढतेय, शहरात रानभाज्यांचं कौतुक वाढलंय, आणि बाहेरचे व्यापारी पोती भरून न्यायला लागले की हे गणित मोडतं. गणपतीतल्या पत्रीचंही तेच.

तरी माझं मत विचाराल तर आमच्या जागा ज्या कारणांनी गेल्या त्यांत कुदळ फार खालच्या नंबरवर आहे. दगडखाण, रस्ता, बंगल्याचे प्लॉट आणि दर वर्षीचा वणवा वरच्या नंबरवर.

आम्ही पाड्यावरच्या माणसाला सोबत घेतो तेव्हा दिवसाची मजुरी देतो. वहीत त्यांनी सांगितलेलं नाव आधी लिहितो, लॅटिन नंतर. लॅटिन बदलत राहतं, वर माकुडीचं पाहिलंतच.

नोंदींचं पुढे काय होतं?

संशोधकांना देतो, वन विभागाला अहवाल जातो. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची आणि महापालिकेची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, तिथेही द्यायचा प्रयत्न करतो. कधी स्वागत होतं, कधी "ठेवा तिथे" म्हणतात.

शिक्षण, फी, मानधन?

शिक्षण लागत नाही, मोजता यायला हवं. फी नाही. मानधनही नाही. तिकीट आपलं, डबा आपला, चहा ज्याला आधी तलफ येईल त्याचा.

लहान मुलांना आणू का?

बारा वर्षांवरच्यांना, ऑक्टोबरच्या फेरीत. त्यांची नजर जमिनीच्या जवळ असते, आमच्याहून जास्त रोपं त्यांनाच दिसतात.

साप, बिबट्या वगैरे?

बिबट्या आहे, येऊरचाच आहे, तुम्ही एकटे मागे राहू नका. साप जास्त लक्षात ठेवायचा: कातळावर दगडाखाली फुरसं असतं, त्यामुळे न बघता दगड उचलायचा नाही आणि भेगेत हात घालायचा नाही. कारवीत हिरवा चापडा फांदीसारखाच दिसतो. आग्या मोहोळाखालून बोलत जायचं नाही. खाजकुइलीच्या शेंगांना ऑक्टोबरनंतर हात लावाल तर आयुष्यभर ओळख विसरणार नाही.

काय आणायचं?

पकड असलेले बूट (गमबूट नकोत, कातळावर घसरतात), पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन लिटर पाणी, पेन्सिल आणि शार्पनर, दहा रुपयांचं भिंग असेल तर तेही, सुकी बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत.

छत्री चालेल?

नाही. एक हात अडकतो, वारा आला की दुसराही, आणि मग चौकट कोण धरणार? रेनकोट आणा. टोपी असलेला.